आधी पातळी, मग प्लॅन

पोरी, पहिलंच स्वतंत्र काम आणि तेही मंगल कार्यालयाचं मिळालंय, तर प्लॅन काढायला बसायच्या आधी आत्याचं एक ऐक. सेक्शन आधी काढ. रस्ता कुठल्या पातळीला आहे, जोतं कुठे येणार, हॉलची फरशी, स्टेज, भोजनगृह, संडास, लिफ्टसमोरची जागा, सगळ्यांचे आकडे एकाच उभ्या छेदावर मांड. इमारतीत कोण आपल्या बळावर शिरणार आणि कुणाला उचलून न्यावं लागणार, हे त्या आकड्यांतच ठरतं. पुढे जे काही करतात, ती डागडुजी.

गणित साधं आहे. रॅम्पचा ढाळ १:१२ पेक्षा उभा चालत नाही. म्हणजे दीड फूट जोत्याला अठरा फूट रॅम्प, शिवाय वर आणि खाली पाच-पाच फूट सपाट जागा, कारण व्हीलचेअर वळवायला दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं लागतं. मालकाने ऐटीत अडीच फुटांचं जोतं मागितलं, की रॅम्प तीस फुटांवर गेला आणि मध्ये एक सपाट टप्पाही आला. समोरच्या मार्जिनमध्ये एवढं बसत नाही. मग तो रॅम्प जातो मागे, आचाऱ्याच्या दाराने, खरकट्याच्या पिंपांना वळसा घालून. ज्या दाराने नवरदेव येतो त्याच दाराने व्हीलचेअर आली पाहिजे, यावर अडून बस.

मालक म्हणेल, जोतं उतरवलं तर पावसाचं पाणी आत येईल. त्याचं म्हणणं खोटं नाही, पण त्याला उपाय आहे. पुढचं आवार मुरूम भरून हळूहळू दारापर्यंत चढव. १:२० पेक्षा सौम्य ढाळ असला की त्याला रॅम्प कुणी म्हणत नाही, ते अंगणच असतं. दारासमोर आडवी जाळीची गटार, वर चांगली रुंद पडवी आणि उंबरा अर्ध्या इंचाच्या आत. आमच्या लोकांना तीन पायऱ्या चढल्याशिवाय वास्तू भारदस्त वाटत नाही, त्याला कोण काय करणार!

आणि ड्रॉइंगवर नुसतं ‘रॅम्प’ लिहून मोकळी होऊ नकोस. कंत्राटदार त्याच्या ओळखीचा रॅम्प करतो, स्कूटर चढवायचा. सुरुवातीची पातळी, शेवटची पातळी, लांबी, दोन्ही बाजूंचे कठडे आणि ते दोन्ही टोकांना ३०० मिलिमीटर पुढे आलेले, हे सगळं तिथेच लिही. पार्किंगमधून लिफ्टकडे जातानाच्या दोन पायऱ्या ही आपल्याकडची ठरलेली चूक. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी जाऊ नये म्हणून लॉबी उचलतात आणि लिफ्ट असूनही माणूस खालीच राहतो.

आता स्टेज. तीन फूट उंच स्टेजला छत्तीस फूट रॅम्प लागेल, म्हणजे कुणीच करणार नाही. दीड फुटांवर आण, अठरा फुटांत काम होतं आणि तो विंगेतून फिरवता येतो. नाहीतर अक्षता टाकायच्या वेळी काय होतं ते तू पाहिलं आहेस. चार भाचे आजीला खुर्चीसकट उचलतात, फोटोग्राफर फ्लॅश मारतो, सगळे कौतुक करतात. ती दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेली असते, तिकडे कुणाचं लक्ष नसतं. भोजनगृह शक्यतो तळमजल्यावरच घे. वर नेलंसच, तर लिफ्ट माणसांची हवी, भांड्यांची नको, आणि आग लागली की तीही बंद होणार हे धरून चाल.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण मालक ‘हे सरकारी इमारतींना असतं’ म्हणणारच. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. लोकांच्या वापरातली खासगी इमारतही त्यात सार्वजनिक इमारत धरली आहे. कलम ४४ म्हणतं, नियमांना धरून नकाशा नसेल तर बांधकाम परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. दंड पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत, पुढे पन्नास हजार ते पाच लाख. पहिला आकडा ऐकून मालक हसेल. त्याला दाखल्याची भीती दाखव, ती लागू पडते. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतूरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसती शिफारस करतो, हे चालणार नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा राज्याच्या बांधकाम नियमावलीतलं, म्हणजे यूडीसीपीआरमधलं, किमान माप गाठलं म्हणून निर्धास्त राहू नकोस, केंद्राची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं टेबलावर ठेव.

संडासाकडे मात्र स्वतः लक्ष घाल, ते ज्युनिअरवर सोडू नकोस. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर. आत पडलेल्या माणसाने आत उघडणारं दार अडवलं, तर बाहेरून मदत कशी करणार? कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलिमीटर. आधाराचे दांडे माणसाचं सगळं वजन घेतात. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधे स्क्रू मारले तर आठवड्यात हातात येतात. भिंत चढत असतानाच त्या उंचीला काँक्रीटचा पट्टा ओतून घे, फरशी लागल्यावर ते जमत नाही. एवढं करून कार्यालय सुरू झालं की तिथे काय सापडतं? बादल्या, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या, आणि बाहेर कुलूप. किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर हळदीला गेलेला. याला पाटी लावून उपयोग नाही. झाडलोटीच्या सामानाला वेगळी खोली दे. ती प्लॅनमध्ये नसली, की सामान आपली जागा शोधून घेतं.

पायऱ्यांना चकचकीत काळा ग्रॅनाइट नको. सगळ्या पायऱ्या एकाच रंगाच्या असल्या की उतरताना कडा दिसत नाही. प्रत्येकीला फिकट पट्टी लाव. स्पर्शफरशीचं गवंड्याला समजावून सांग: रेघांचा अर्थ चालत राहा, ठिपक्यांचा अर्थ थांब, पुढे काहीतरी आहे. तो ती नक्षी समजतो आणि रेघ सरळ खांबावर नेऊन भिडवतो. आगीच्या भोंग्यासोबत लुकलुकणारा दिवाही घे.

फरशीच्या खालचा थर पडायच्या आधी, पातळ्या अजून बदलता येतात तेव्हाच, एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती आणि एक पांढरी काठी घेऊन चालणारी व्यक्ती साइटवर बोलाव. त्यांना एकट्याने फिरू दे, तू मागे राहून फक्त लिहून घे. त्यांची फी एस्टिमेटमध्ये सल्लागार म्हणून लाव, चहावर भागवू नकोस.