संगणक आणि घरचा व्यायाम

आपल्या मराठींत 'अभ्यासाला बस' असें म्हणतात. 'अभ्यासाला उभा राहा' असें कोणी म्हणत नाहीं. कारकून कचेरींत बसतो, दुकानदार गादीवर बसतो, विद्यार्थी पुस्तक घेऊन बसतो. डोक्याचें काम म्हणजे बैठें काम, ही समजूत आपल्या भाषेंतच इतकी मुरलेली आहे कीं, तिचा वेगळा विचार करावा असें कोणास वाटत नाहीं. संगणक घरांत आल्यापासून मात्र हा विचार करणें प्राप्त झालें आहे. पूर्वीं लिहिणाऱ्यास निदान दौतींत शाई भरण्यास, फळीवरचें पुस्तक काढण्यास, शेजाऱ्याकडून कोश मागून आणण्यास उठावें लागे. आतां कोश, नकाशा, टपाल, बँक व बाजार हीं सर्व एकाच पडद्यावर येऊन बसलीं आहेत, आणि उठण्याचीं लहानसहान निमित्तेंही नाहींशीं झालीं आहेत. सबब, संगणकाचें काम आणि घरचा व्यायाम यांची सांगड कशी घालावी, हें प्रस्तुत पाठांत आम्ही सांगणार आहों.

१. दुखणें जुनेंच आहे

बैठ्या कामाचे दुष्परिणाम संगणकाबरोबर जन्मास आले असें मात्र नव्हे. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नांवाच्या इटालियन वैद्यानें सन १७०० मध्यें निरनिराळ्या धंद्यांतील लोकांच्या रोगांविषयीं एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला व १७१३ सालीं तो वाढविला. लेखनिकांच्या दुखण्यांचीं त्यानें तीन कारणें दिलीं आहेत : सतत बसणें, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि मनावरील ताण. आज संगणकापुढें बसलेल्या मनुष्यास पाहून कोणताही डॉक्टर हींच तीन कारणें सांगेल. टांकाची जागा कळफलकानें घेतली. मनुष्याचें मनगट व पाठ होतीं तींच आहेत.

दुसरें उदाहरण लंडनचें आहे. जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरानें आपल्या सहकाऱ्यांसह केलेली एक पाहणी १९५३ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. लंडनच्या दुमजली बसगाडीवर दोन नोकर असत. ड्रायव्हर दिवसभर बसून असे. कंडक्टर तिकिटें देण्यासाठीं दिवसभर जिना चढे व उतरे. शहर एक, नोकरी एक. तरी कंडक्टरांमध्यें हृदयविकाराचें प्रमाण ड्रायव्हरांपेक्षां कमी आढळलें. पुढें मॉरिस यांनींच दाखवून दिलें कीं, ड्रायव्हरांच्या गणवेशाचीं मापें पाहतां ते नोकरीस लागतांनाच अधिक स्थूल असत. म्हणजे सगळाच फरक जिन्यामुळें पडला असें म्हणतां येत नाहीं. शास्त्रज्ञाची प्रामाणिकता ती हीच. परंतु पुढील संशोधनानें मूळ सिद्धान्त दृढच केला आहे कीं, अंगमेहनत हृदयाचें रक्षण करते.

२. बसल्यानें शरीरांत काय घडतें

पायांतील रक्त वर हृदयाकडे नेण्याच्या कामीं पोटरीचे स्नायू पंपाप्रमाणें साहाय्य करितात. मनुष्य चालूं लागला कीं हा पंप चालतो. बसला कीं मंदावतो. मांडीचे व नितंबाचे स्नायू शरीरांतील सर्वांत मोठ्या स्नायूंपैकीं आहेत. ते काम करूं लागले म्हणजे रक्तांतील साखर वापरतात. ते स्वस्थ राहिले म्हणजे हा खप कमी होतो. ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत वजन अधिक असलेल्या प्रौढांना कांहीं तास बसवून ठेविलें. एके दिवशीं ते सलग बसले. दुसऱ्या दिवशीं दर वीस मिनिटांनीं उठून दोन मिनिटें चालले. चालण्याच्या दिवशीं जेवणानंतरची रक्तांतील साखर कमी वाढली. केवळ दोन मिनिटांचें चालणें, तेंही सावकाश ! यावरून उठण्याचें महत्त्व ध्यानांत यावें.

मानेची गोष्ट आणखी सोपी आहे. मनुष्याचें डोकें सुमारें पांच किलो वजनाचें असतें. तें मानेवर सरळ तोललेलें असतां मानेस भार वाटत नाहीं. परंतु पाण्यानें भरलेली कळशी कमरेशीं धरणें आणि हात लांब करून धरणें यांत जें अंतर, तेंच सरळ व वांकलेल्या मानेंत आहे. २०१४ सालीं एका अमेरिकन शल्यवैद्यानें गणित करून दाखविलें कीं, डोकें साठ अंशांनीं पुढें झुकलें म्हणजे मानेवर सुमारें सत्तावीस किलोंचा भार येतो. हें गणित आहे, प्रत्यक्ष मापन नव्हे; तरी मांडीवर मोबाईल ठेवून तासन् तास वाचणाऱ्या मुलानें तें विसरूं नये.

डोळ्यांविषयीं दोन गोष्टी. पडद्याकडे टक लावून पाहतांना पापण्या कमी वेळां मिटतात, म्हणून डोळे कोरडे पडतात. तसेंच जवळचें पाहण्यासाठीं डोळ्यांतील एक लहान स्नायू सतत आकुंचित राहतो. सबब नेत्रवैद्य सांगतात कीं, दर वीस मिनिटांनीं निदान वीस सेकंद वीस फूट दूर पाहावें. दुसरी गोष्ट उघड्या हवेची. मुलांचा लघुदृष्टिदोष वाढत चाललेला पाहून तैवानमध्यें २०१० पासून शाळांतील मुलांस दररोज दोन तास बाहेरच्या उजेडांत नेण्याचा उपक्रम सुरू झाला. घरांतला व्यायाम कितीही चांगला असला तरी तो अंगणाच्या उजेडाची जागा घेऊं शकत नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवणें बरें.

३. कामाचे तीन प्रकार

आतां मुख्य विषयाकडे वळूं. 'व्यायाम आणि संगणक एकत्र करा' असें म्हटलें म्हणजे पुष्कळांना वाटतें कीं, एका हातानें टंकलेखन करावयाचें व दुसऱ्यानें मुद्गल फिरवावयाचा. तसें नव्हे. संगणकावरील कामाचे तीन प्रकार असतात, आणि प्रत्येकाशीं व्यायामाचें नातें वेगळें आहे.

पहिला प्रकार ऐकण्याच्या कामाचा. शिक्षकांचा ध्वनिमुद्रित पाठ, इंग्रजी उच्चारांचा धडा, बातम्या, हें सर्व उभें राहून किंवा जागच्या जागीं पावलें टाकीत ऐकतां येतें. येथें व्यायाम आणि काम खरोखरच एकाच वेळीं होतात.

दुसरा प्रकार वाचण्याच्या कामाचा. तें उभें राहून करतां येतें. संगणक उंच कपाटावर किंवा डब्यावर ठेविला कीं झालें. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घ्यावा, टांचा उचलाव्या व टेकाव्या. परदेशांत चालत्या पट्ट्यावर हळू चालत वाचन करण्याचे प्रयोग झाले आहेत. आपल्या दोन खोल्यांच्या घरांत त्या यंत्राची मुळींच गरज नाहीं.

तिसरा प्रकार लिहिण्याच्या, गणिताच्या व चित्र काढण्याच्या कामाचा. येथें हात स्थिर व मन एकाग्र हवें. या कामांत व्यायाम मिसळूं नये, नाहींतर दोन्ही बिघडतात. येथें व्यायाम कामाच्या मधल्या सांध्यांत ठेवावा : एक उदाहरण सुटलें, एक परिच्छेद पुरा झाला, मुद्रणयंत्र कागद छापीत आहे, कीं उठावें.

४. दोन मिनिटांचे व्यायाम

प्रथम बैठक नीट करावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीशीं असावी व पडदा हातभर दूर असावा. कोपर काटकोनांत व पाय जमिनीवर टेकलेले असावेत. लहान मुलांचे पाय लोंबकळत असल्यास खालीं पाट ठेवावा. लॅपटॉपखालीं चार जाड पुस्तकें ठेवून कळफलक निराळा जोडल्यास मान वांकत नाहीं. जमिनीवर मांडी घालून बसावयाचें तर संगणक मांडीवर न घेतां चौरंगावर घ्यावा.

मग दर वीस मिनिटांनीं पुढीलपैकीं कोणतेही दोन व्यायाम करावे :

(अ) हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून उठावें व सावकाश बसावें, दहा वेळां.
(आ) भिंतीपासून हातभर दूर उभें राहून, तळहात भिंतीस टेकून जोर काढावे, दहा वेळां.
(इ) खुर्चीची पाठ धरून टांचा उचलाव्या, पंधरा वेळां.
(ई) नजर समोर ठेवून हनुवटी सरळ मागें ओढावी व पांच अंक मोजावे, पांच वेळां.
(उ) खांदे कानांपर्यंत उचलून मागें फिरवावे. मनगटें दोन्ही दिशांनीं फिरवावीं.
(ऊ) खिडकीशीं जाऊन दूरचें झाड किंवा घराचें छप्पर पाहत उभें राहावें व पाणी प्यावें.

हिशेब करून पाहा. संध्याकाळीं दोन तास संगणकावर काम करणारा विद्यार्थी सहा वेळां उठेल. प्रत्येक वेळीं दोन मिनिटें धरलीं तर बारा मिनिटें झालीं. आठवड्यांतील सहा दिवसांचीं बहात्तर मिनिटें झालीं. हीं मिनिटें अभ्यासांतून चोरलेलीं नव्हेत. थकलेल्या डोक्यानें एकच ओळ तीनदां वाचण्यांत याहून अधिक वेळ जातो.

परंतु एवढ्यानें भागतें असेंही समजूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं ठरविलेल्या प्रमाणाप्रमाणें पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी साठ मिनिटें दम लागेल अशी हालचाल करावी. मोठ्यांनीं आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें. मधले दोन मिनिटांचे व्यायाम अंग मोकळें करण्यासाठीं आहेत. साठ मिनिटें अंग घडविण्यासाठीं आहेत. एक दुसऱ्याचा मोबदला नव्हे. मैदान जवळ नसेल तर सूर्यनमस्कार आहेतच. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत त्यांचा प्रसार केला, त्याचें एक कारण हेंच कीं, त्यांस ना साहित्य लागतें ना मोठी जागा. एक सतरंजी पसरण्याइतकी भूमि पुरते.

५. पडद्यावरचा व्यायामशिक्षक

संगणक व्यायाम शिकवूंही शकतो. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां ब्रिटनमध्यें जो विक्स नांवाच्या शिक्षकानें २३ मार्चपासून आपल्या घरांतून मुलांसाठीं व्यायामाचे पाठ सुरू केले, आणि घरोघरचीं मुलें पडद्यासमोर उड्या मारूं लागलीं. आपल्याकडेही त्या काळांत मुलांनीं मोबाईलसमोर योगासनें केलीं. ही सोय चांगली आहे; पण तिच्यांत एक उणीव आहे. तुम्हांला शिक्षक दिसतो, पण ध्वनिचित्रांतल्या शिक्षकाला तुम्ही दिसत नाहीं. तुमचा गुडघा आंत वळला, पाठीस बाक आला, तरी तो 'शाबास' म्हणून पुढें जाईल. म्हणून पहिल्यानें पाठ एकदां बसून पाहावा, मग भावंडास शेजारीं उभें करून हळूहळू करावा, व एकमेकांच्या चुका सांगाव्या. वेदना झाल्यास थांबावें. जेवणानंतर लगेच जोराचा व्यायाम करूं नये. कृति पाठ झाली म्हणजे पडदा बंद करून ती करावी, नाहींतर व्यायामाच्या नांवाखालीं पडद्याचाच वेळ वाढतो.

६. पालकांस विनंति

पुष्कळ घरीं संगणक एक आणि मुलें दोन-तीन असतात. ही अडचण खरी. परंतु तिच्यांतच एक सोय दडलेली आहे. पाळी बदलली कीं एकानें बसावें व दुसऱ्यानें उठून व्यायाम करावा, असा घरचा नियम केला तर भांडण कमी होतें आणि घड्याळाकडे पाहण्याचीही गरज उरत नाहीं. त्यांत मुलगा व मुलगी असा भेद करूं नये. मुलीनें केर काढला, पाणी भरलें, म्हणजे तिचा व्यायाम झाला, असें म्हणून तिचें खेळणें बंद करणें हा अन्याय आहे. कामानें ती थकते. खेळानें ती वाढते.

आणखी एक गोष्ट आम्हां शिक्षकांस व पालकांस मिळून सुधारावयाची आहे. आपल्याकडे उठाबशा ही शिक्षा समजली जाते. मूल चुकलें कीं कान धरून उठाबशा काढावयाच्या ! ज्या हालचालीनें पाय बळकट होतात, तीच आपण अपमानाशीं जोडून ठेविली आहे. अशा मुलास पुढें 'बैठका काढ' म्हटलें तर त्यास त्यांत आनंद कोठून वाटणार ? शिक्षेसाठीं दुसरा मार्ग शोधावा आणि व्यायाम आनंदासाठीं राखून ठेवावा. तसेंच, घरीं रात्रीं कचेरीचें काम संगणकावर करणारे वडील किंवा आई दर वीस मिनिटांनीं स्वतः उठलीं, तर मुलांस उपदेशाची गरज पडणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, हा पाठ वाचून मिटून ठेवण्यासाठीं नाहीं. एका वहींत सात दिवसांचा तक्ता आंखा. रोज किती वेळ संगणकापुढें गेला, किती वेळां उठलां, किती मिनिटें बाहेरच्या उजेडांत खेळलां, आणि रात्रीं मान, पाठ व डोळे कसे होते, हें खरें खरें लिहा. सातव्या दिवशीं तो तक्ता घरीं वडील मंडळींस दाखवा व त्यांचाही एक तक्ता करण्यास सांगा. पुढच्या आठवड्यांत कोणता आंकडा वाढवावयाचा व कोणता कमी करावयाचा, हें तुमचें तुम्हांलाच दिसून येईल.