पाढा विसरला, तरी गुणाकार अडू नये

मराठी शाळेत पाढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या मानाचे स्थान लाभले आहे. मुखोद्गत पाढे बाजारहाटात, शेतीच्या कामात व घरच्या हिशेबात जन्मभर उपयोगी पडतात, यात शंका नाही. परंतु केवळ घोकलेल्या पाढ्यातील एखादी पायरी विसरली, की मूल अडखळते. मग ते पाढा पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागते किंवा अंदाजाने काहीतरी उत्तर देते. उत्तर चुकले की वर्गात हसे होते आणि गणित आपल्या आवाक्यातले नाही, असा ग्रह त्या कोवळ्या मनात घर करतो. हे टाळावयाचे असेल, तर विसरलेले उत्तर स्वतः शोधून काढण्याची वाट मुलास दाखविली पाहिजे. वितरण गुणधर्म ही ती वाट होय.

चिंचोक्यांपासून आरंभ

नियमाचे नाव प्रथम सांगण्याचे कारण नाही. जमिनीवर चिंचोक्यांच्या ७ ओळी मांडाव्यात व प्रत्येक ओळीत १४ चिंचोके ठेवावेत. दहाव्या चिंचोक्यानंतर सर्व ओळींमधून एक काडी उभी ठेवावी. काडीच्या एका बाजूस ७ गुणिले १०, म्हणजे ७० व दुसऱ्या बाजूस ७ गुणिले ४, म्हणजे २८ चिंचोके दिसतील. दोहोंची बेरीज ९८. काडी ठेवल्याने एकही चिंचोका वाढला नाही की घटला नाही. म्हणून एकूण संख्याही बदलली नाही, हे मुलाला डोळ्यांनी पटते. मग काडी मुलाच्या हाती द्यावी. एखादे मूल ती मधोमध ठेवून ४९ अधिक ४९ करील. उत्तर तेच येईल. संख्या कोठे फोडावी, हे मुलाने आपल्या सोयीने ठरवावे.

जुनीच परंपरा

ही पद्धत नवी नाही. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. तेथे १२ या गुणकाचे ८ व ४ असे खंड पाडले आहेत. १०८० आणि ५४० मिळून १६२०. गुणक १० घेऊन दुप्पट मिळवली, तर १३५० अधिक २७०. गुणक २० घेऊन आठपट वजा केली, तर २७०० उणे १०८०. तिन्ही वाटांनी उत्तर १६२० च येते.

जुन्या शाळांतील पावकी, सवायकी, दिडकी यांच्या मुळाशीही हेच तत्त्व होते. १६ ची सव्वापट म्हणजे १६ व त्याची पाव ४ मिळून २०. पाऊणपट म्हणजे १६ उणे ४, अर्थात १२. १९५७ साली दशमान नाणी आल्यानंतर हे पाढे मागे पडले, तरी त्यांतील युक्ती आजही तितकीच कामाची आहे.

आपल्या भाषेतील अंकनामेही येथे साहाय्यास येतात. एकोणीस म्हणजे एकाने उणे वीस. तेव्हा १९ रुपयांच्या ६ वह्यांची किंमत काढताना २० रुपये धरून १२० करावेत व त्यांतून ६ वजा करावेत, उत्तर ११४. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या संख्यांबाबतही असेच करता येते.

दोन अंकी गुणाकारातील खाचखळगा

दोन्ही संख्या दोन अंकी असल्या, म्हणजे एक चूक हटकून होते. २३ गुणिले १४ करताना मूल २० ला १० ने व ३ ला ४ ने गुणते आणि २०० अधिक १२, असे २१२ उत्तर देते. अशा वेळी उत्तरावर केवळ काट मारून भागत नाही. चौकटीच्या वहीत २३ घरे लांब व १४ घरे रुंद आयत काढावयास सांगावा. लांबी २० व ३ अशी, तर रुंदी १० व ४ अशी विभागली, की आयताचे चार तुकडे होतात : २००, ८०, ३० व १२. बेरीज ३२२. मधले ८० व ३० हे दोन तुकडे आपण मोजलेच नव्हते, हे मुलाच्या आपोआप ध्यानी येते.

उभ्या मांडणीचा अर्थही येथेच उलगडतो. पहिल्या ओळीतील ९२ म्हणजे २३ ची चौपट, दुसऱ्या ओळीतील २३० म्हणजे दहापट. दुसऱ्या ओळीत शून्य का लिहावयाचे, हे आता वेगळे पाठ करावे लागत नाही.

शिक्षक व पालक यांचे कर्तव्य

याचा अर्थ पाढे सोडून द्यावेत, असा मुळीच नव्हे. दहापर्यंतचे पाढे पक्के असतील, तरच संख्या फोडण्याचा लाभ होतो. मात्र ‘उत्तर किती?’ या प्रश्नाबरोबरच ‘ते कसे काढलेस?’ हा प्रश्नही शिक्षकांनी वर्गात व पालकांनी घरी विचारीत जावा. दोन मुलांनी एकच उत्तर दोन वाटांनी काढले, तर दोन्ही वाटा फळ्यावर मांडाव्यात. पुढे बीजगणितात कंस सोडविताना हाच नियम अक्षरांच्या रूपाने भेटतो. चिंचोक्यांच्या ओळींतून ज्या मुलाची त्याच्याशी आधीच ओळख झाली आहे, त्याला तेथे बिचकण्याचे कारण उरत नाही.