गीअरबॉक्स बदलल्यानंतर ट्रॅक्टरची तेलगळती : कारणे व उपाय

चंद्रपूर व गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत धान हे मुख्य पीक आहे. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे होताच रोवणी करणे हिताचे असते. पऱ्हे वयस्क झाल्यास फुटवे कमी येतात. त्या मोजक्या दिवसांत चिखलणीचा ट्रॅक्टर बंद पडला, तर मालकाचेच नव्हे, भाड्याने बांध्या चिखलून घेणाऱ्या शेजाऱ्यांचेही काम खोळंबते. उन्हाळ्यात गीअरबॉक्स उघडून दुरुस्त केला, अथवा दुसरा बसविला, आणि पहिल्याच पावसात खाली तेलाचे डाग दिसू लागले, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी घाईने सर्व यंत्र पुन्हा उघडू नये. प्रथम गळती कोठून होते, हे क्रमाने शोधावे.

तेल कोणते, हे ओळखावे

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून रात्रभर खाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवावा. सकाळी डाग पाहावा. पातळ व काळे तेल बहुधा इंजिनाचे असते. गीअरचे तेल दाट, मधासारखे पिवळसर व उग्र वासाचे असते. तेल दुधासारखे पांढुरके दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. ते तेल तत्काळ बदलावे, कारण पाण्यामुळे बेअरिंगे गंजतात. अनेक ट्रॅक्टरांत गीअरबॉक्स, डिफरन्शियल व हायड्रॉलिक यांना एकच तेल असते. अशा यंत्रात तेल घटले की गीअरांची झीज होतेच, शिवाय लिफ्टही औजार नीट उचलत नाही.

उगमस्थान शोधावे

तेल वरून खाली ओघळते. म्हणून जेथून थेंब पडतो तेथेच दोष असतो असे नाही. गीअरबॉक्सचा बाहेरील भाग डिझेलने धुऊन कोरडा पुसावा व त्यावर खडूची पूड भुरभुरावी. इंजिन पंधरा मिनिटे चालवून बंद करावे व नंतरच तपासणी करावी. सर्वांत वर जेथे पूड ओली झाली असेल, तेथे उगम समजावा. इंजिन बंद असतानाही तेल गळत असेल, तर तेलपातळीखालील जोड, प्लग अथवा सील यांचा संशय घ्यावा. तेल तापल्यावरच गळत असेल, तर ब्रीदर प्रथम पाहावा.

सोप्या कारणांपासून आरंभ करावा

१. तेल अधिक भरले जाणे. बदललेल्या गीअरबॉक्सला जुन्याइतकेच तेल लागेल असे गृहीत धरू नये. लिफ्ट खाली सोडून, इंजिन बंद करून काही मिनिटांनी पट्टीवरील खुणेप्रमाणे पातळी पाहावी.

२. ब्रीदर बुजणे. चिखलणीतील चिखल वाळून ब्रीदरचे छिद्र बंद होते. आतील तापलेल्या हवेला वाट न मिळाल्याने ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. चांगला सील बदलूनही गळती थांबत नाही, त्याचे कारण कित्येकदा हेच असते.

३. तेल सोडण्याच्या प्लगची जुनी वॉशर. ती नवी घालावी. प्लग वाजवीपेक्षा अधिक आवळू नये.

४. जोडाचे पॅकिंग. जुने पॅकिंग पुन्हा वापरणे, पृष्ठभागावर त्याचे तुकडे राहणे, किंवा बोल्ट एका बाजूने आवळत नेणे, यामुळे जोड असमान बसतो. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीच्या पुस्तिकेतील मापाने आवळावेत.

५. ऑइल सील. सीलची ओठासारखी कड तेलाच्या बाजूस हवी. सील कोरडा बसविल्यास ती कड पहिल्याच फेऱ्यात फाटते. म्हणून तिला ग्रीस लावावे. शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पडली असल्यास केवळ नवा सील टिकत नाही.

क्लचच्या घराच्या तळाशी असलेल्या छिद्रातून तेल येत असेल, तर बाब गंभीर आहे. तेल काळे असल्यास इंजिनाच्या मागील सीलचा, व पिवळसर उग्र असल्यास गीअरबॉक्सच्या पुढील शाफ्टच्या सीलचा दोष संभवतो. त्यासाठी ट्रॅक्टर पुन्हा विलग करावा लागतो. क्लच प्लेट तेलाने भिजून सरकू लागण्यापूर्वीच हे काम कुशल मिस्त्रीकडून करून घ्यावे.

काम थांबवावे की चालवावे ?

गळणारे तेल तासभर वाटीत धरून मोजावे. तासाला ५० मिलिलिटर गळत असेल, तर दहा तासांत अर्धा लिटर तेल कमी होईल. किरकोळ पाझर असल्यास रोज पातळी पाहून रोवणी उरकता येते. परंतु गळती वाढत असल्यास, अथवा तेल क्लच वा ब्रेकवर येत असल्यास ट्रॅक्टर उभाच करावा. बाहेरून लेप थापून गळती झाकणे हा उपाय नव्हे.

दक्षता

केवळ जॅकच्या आधारावर ट्रॅक्टरखाली कधीही शिरू नये. भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. गरम तेल सोडताना हात जपावेत. काढलेले तेल बांधीत, बोडीत किंवा नाल्यात ओतू नये. ते डब्यात साठवून जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगापूर्वीच गावातील ट्रॅक्टरमालकांना एकत्र करून पुठ्ठ्याची व खडूची ही चाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. दुरुस्तीनंतर यंत्र दोन-तीन तास चालवून पाहिल्याखेरीज ते बांधीत उतरवू नये. उन्हाळ्यात सापडलेला दोष एका वॉशरवर भागतो. तोच रोवणीत सापडला, तर हंगामाची किंमत द्यावी लागते.