आधी बागेत टेप लाव, मग शोरूमला जा

अगं, एवढी गोंधळून का गेलीस? जुना पस्तीस-चाळीस एचपीचा ट्रॅक्टर घ्यायचा की नवा छोटा, यावर घरात चार माणसांची पाच मतं पडलीत आणि निर्णय तुझ्या गळ्यात येऊन पडलाय. पण बघ ना, यजमान सकाळी कंपनीच्या बसने जातात ते रात्रीच परत येतात. बाग तू बघतेस, मजुरांचे रोज तू देतेस, औषधांच्या दुकानाची उधारी तुझ्या वहीत असते. एवढं सगळं जिला जमतं तिला ट्रॅक्टर निवडणं जड नाही. फक्त मी सांगते तसं कर आणि मधे कोणी घाई करायला लागलं तर सरळ थांब.

खरं सांगू का, ट्रॅक्टर एचपी बघून घ्यायचा नसतो. वर्षातलं जे काम सगळ्यात अडचणीच्या जागेत आणि सगळ्यात अवघड वेळेला करावं लागतं, ते काम बघून घ्यायचा. तुझं निफाडकडचं काळं रान, तीन एकर द्राक्षं आणि दीड एकर कांदा. तुझ्याकडे ते काम नांगरट नाही, फवारणी आहे. नांगरट चार दिवस मागेपुढे झाली तर काही बिघडत नाही. डाऊनी रोगाची फवारणी एक दिवस चुकली तर हंगाम हातचा जातो.

म्हणून उद्या सकाळी टेप घेऊन बागेत जा. दोन ओळींमधलं अंतर नऊ फूट आहे हे मलाही माहीत आहे, पण ते खोडापासून खोडापर्यंतचं. ट्रॅक्टरला मिळणारी जागा त्याहून कमी असते. बोद दोन्हीकडून आत आलेले असतात, ठिबकच्या नळ्या असतात, वायच्या अँगलवरून काड्या खाली लोंबतात. एकदा जमिनीलगत मोज, एकदा छातीच्या उंचीला मोज आणि तिसऱ्यांदा ओळीच्या टोकाला, जिथे तारांचे ताण बांधलेत तिथून बांधापर्यंत मोज. वळायला जागा लागते ती तिथेच. जुन्या पस्तीस-चाळीस एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदी साडेपाच फुटांच्या आसपास भरते आणि त्याचा धुराडा वर उभा असतो. बागेसाठी बनवलेला छोटा ट्रॅक्टर चार फुटांच्या आतबाहेर असतो. मोठा आत शिरेल गं, शिरत नाही असं नाही. पण घड लागल्यावर प्रत्येक फेरीत कुठेतरी काडी मोडणार, कुठेतरी घड घासणार. घासलेल्या मण्यावर डाग राहतो आणि तो माल निर्यातीच्या पेटीत बसत नाही.

आता वेळेचं बघ. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पोंगा फुटून कोवळी पानं निघतात, घड दिसायला लागतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस किंवा अवकाळी गाठतो. रात्री पाऊस, सकाळी ढगाळ, पानं ओली. डाऊनीला याहून चांगलं हवामान लागत नाही. अशा सकाळी चिखलात फवारणीचा ब्लोअर घेऊन शिरायचं असतं. मॅसीच्या १०३५ सारखा जुना ट्रॅक्टर सतराशे किलोच्या पुढे भरतो आणि त्याची चालती चाकं फक्त मागची. चोवीस एचपीचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह साधारण सहाशे ते आठशे किलोंत बसतो आणि चारही चाकं ओढतात. मागे सहाशे लिटरची टाकी भरलेली असली म्हणजे सहाशे किलो नुसतं पाण्याचंच ओझं मागे असतं, हे विसरू नकोस. ओल्या काळ्या मातीत जड चाक गेलं की खोल चाकोरी पडते आणि खालची माती दाबून घट्ट होते. वेलीची पांढरी मुळी त्याच मातीत असते. वर्षानुवर्षं त्याच चाकोरीतून जड ट्रॅक्टर फिरला की पाणी मुरत नाही आणि मग आपण खतांना दोष देत बसतो.

तुझे सासरे जुन्याचा आग्रह धरतात ना, त्यांचंही खोटं नाही. जुन्या ट्रॅक्टरला गावातला कुठलाही मिस्त्री हात लावू शकतो. महिंद्रा, मॅसी, स्वराज, सगळ्यांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात. दोन-अडीच लाखांत चालता ट्रॅक्टर दारात उभा राहतो आणि डोक्यावर हप्ता नसतो. तुझं सगळं रान मोकळं असतं, सोयाबीन-गहू-कांदा असता आणि लासलगावला ट्रॉली भरून न्यायची असती, तर मीच म्हटलं असतं, जुना घे आणि मोकळी हो. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नकोस. ते म्हणतात ते मोकळ्या रानाला बरोबर आहे, बागेला नाही. तेवढं त्यांना टेप दाखवून शांतपणे सांग.

तरीही कोणी जुना दाखवायला नेलाच तर रिकाम्या हाताने परत येऊ नकोस, नीट बघून ये. आपण येणार म्हटल्यावर विकणारा आधीच इंजिन गरम करून ठेवतो. म्हणून सकाळी लवकर जा आणि पोचल्या पोचल्या सायलेन्सरवर तळहात ठेव. गरम लागला तर सरळ सांग, गार झाल्यावर येते. गार इंजिन किती सेल्फमध्ये उचलतं ते बघ. सुरू होताना थोडा धूर येणारच. पण गरम झाल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ते ऑइल जाळतंय, आणि ओझ्यावर खूप काळा येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टरकडे बघावं लागेल. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण उघडायला लाव. तिथून भकाभका वाफ मारत असेल तर कॉम्प्रेशन खाली चाललंय, इंजिन बांधायला आलंय. डिपस्टिक काढून ऑइल बोटावर घे. दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय, तिथूनच मागे फीर.

तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नकोस. मीटर बंद पडतं, बदलताही येतं. त्यापेक्षा क्लचच्या पेडलची खाच बघ, गुळगुळीत झाली असेल तर पायाने खूप काम केलंय. रोटाव्हेटर जोडून लिफ्ट वर उचल, इंजिन बंद कर आणि चहा पिऊन ये. अवजार तेवढ्यात खाली बसलं असेल तर हायड्रोलिकचं काम निघणार. आणि एक गोष्ट आवर्जून विचार, क्लच सिंगल आहे की ड्युअल? जुन्या ट्रॅक्टरमध्ये बऱ्याचदा सिंगल असतो. म्हणजे क्लच दाबला की ट्रॅक्टर थांबतो आणि मागचं अवजार फिरवणारा पीटीओही थांबतो. ड्युअलमध्ये ट्रॅक्टर जागेवर थांबवूनही ब्लोअर चालू ठेवता येतो. दाट पानोळ्यात जरा थांबून औषध मारायचं असेल तेव्हा ह्याची किंमत कळते.

कागद तर बघायचेच. आरसी बुकावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचून जुळव. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते, ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च आणि हेलपाटे तुझ्या वाट्याला येणार. "नाव नंतर करू, माणूस ओळखीचा आहे" असं कोणी म्हणालं तर हसून नाही म्हण. उद्या अपघात झाला तर ओळख कामाला येत नाही, आरसीवरचं नाव बघतात.

नव्या छोट्याचंही सगळं गोड नाही, तेही ऐक. जुना सहा फुटी रोटाव्हेटर त्याला चालणार नाही, तीन-चार फुटी लागेल, म्हणजे अवजारांचा खर्च वेगळा धर. खोल नांगरट त्याच्याकडून होणार नाही आणि करवूही नकोस. कांद्याच्या रानाची नांगरट गावातल्या मोठ्या ट्रॅक्टरकडून भाड्याने करून घे. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या कामासाठी अख्खं यंत्र पोसायचं कारण नाही. जड ट्रॉलीही त्याच्यामागे लावू नकोस. ओढून नेईल, पण उतारावर मागचं ओझं ट्रॅक्टरलाच ढकलतं आणि हलक्या ट्रॅक्टरचे ब्रेक पुरे पडत नाहीत. कांदा पिकअपने जाऊ दे.

आणि सुटे भाग! कुबोटा असो, महिंद्रा जिवो असो, व्हीएसटी असो, शोरूममध्ये सगळे गोडच बोलतात. तू मात्र शोरूममध्ये विचारू नकोस, पिंपळगाव-दिंडोरीकडे ज्यांच्या बागेत तोच ट्रॅक्टर तीन-चार वर्षं चाललाय त्यांना विचार. ऑक्टोबरात बंद पडला तेव्हा मेकॅनिक किती तासांत आला, फिल्टर-बेल्ट दुकानात होते का, एखादा भाग यायला किती दिवस लागले, हे विचार. ज्या कंपनीचा मेकॅनिक तुझ्या गावापासून जवळ, ती कंपनी चांगली. एवढी सोपी कसोटी आहे बघ.

वापरलेला छोटा ट्रॅक्टर घेऊ का, असंही तुझ्या मनात आलं असेल. घेता येतो, पण द्राक्षपट्ट्यात त्याला गिऱ्हाईक कायम असतं, त्यामुळे किंमत फारशी उतरत नाही. शिवाय बागेतले तास कष्टाचे असतात. ब्लोअर चालवायचा म्हणजे पीटीओ ५४० फेऱ्यांवर ठेवून इंजिन सतत चढ्या आवाजात चालतं. त्यामुळे पैशात मोठा फरक पडत असेल तरच तिकडे बघ.

आता पैशाचं. चोवीस एचपीचा नवा फोर व्हील ड्राइव्ह साधारण साडेपाच-सहा लाखांच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, टायर आणि सुट्या भागांवरचा १८ वरून ५. कोणी जुनं दरपत्रक पुढे केलं तर तारीख बघ. समज, ५ लाख कर्ज काढलंस, ११ टक्के व्याज, ५ वर्षं आणि सहामाही हप्ता, तर एक हप्ता ६६ हजारांच्या थोडा वर येतो. आकडा ऐकून दचकू नकोस. तुझी फवारणी आज भाड्याच्या ब्लोअरवर होते ना? गेल्या वर्षीची वही काढ आणि भाड्याची बेरीज कर. ती बेरीज वर्षाच्या दोन हप्त्यांतून वजा कर, उरेल तो खरा बोजा. आणि हप्ता महिन्याचा घेऊ नकोस, सहामाहीच घे, आपला पैसा माल निघाल्यावरच येतो.

चालवायचं दडपण तर अजिबात घेऊ नकोस. तुझ्याकडे कारचं लायसन्स आहे ना? हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ट्रॅक्टर चालवता येतो, कायद्याच्या व्याख्येतच ट्रॅक्टर धरलाय. पॉवर स्टेअरिंगचा छोटा ट्रॅक्टर आठवड्यात हाताखाली येतो. जुन्याचं साधं स्टेअरिंग आणि कडक क्लच दिवसभर सांभाळला की खांदा आणि गुडघा बोलायला लागतो, आणि मग चालवायला माणूस शोधा, त्याच्या सवडीने फवारणी करा, हे आलंच.

पण एक गोष्ट मी दटावूनच सांगणार. पीटीओचा शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणीचं टोक किंवा पदर त्यात अडकला तर हात काढायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर कधी काढायचं नाही, फाटलं तर त्याच दिवशी बदलायचं. चालवताना आणि ब्लोअरजवळ जाताना पॅन्ट-शर्ट घाल, वेणी वर बांध, ओढणी घरी ठेव. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. चालू शाफ्ट ओलांडायचा नाही, आधी पीटीओ बंद. मजुरांनाही हाच नियम. मांडवाखाली जाताना मागची सुरक्षेची कमान दुमडावी लागते, पण बाहेर बांधावर, उतारावर आलीस की ती पुन्हा उभी कर आणि बेल्ट लाव.

तर माझं मत विचारशील तर नवा छोटा घे. तुझ्या बागेला तोच शोभतो आणि तुझ्या हातालाही.

आता शोरूमला जायच्या आधी एक काम. महाडीबीटीवर यांत्रिकीकरणाचा अर्ज टाक, आणि तुझ्या नावाने टाक. महिला शेतकऱ्याला अनुदान ५० टक्क्यांपर्यंत, सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यांना ४० टक्क्यांपर्यंत धरतात, वर कमाल रकमेची मर्यादा असते. जुन्या ट्रॅक्टरला यातलं काही मिळत नाही. अर्जासाठी सातबारा आणि आठ-अ वर तुझं नाव लागतं. नसेल तर यजमानांशी बोल, लक्ष्मीमुक्ती योजनेत बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येतं. बाग तू राखतेस, नाव असायलाच हवं. शेतकरी ओळख क्रमांक काढून ठेव. अनुदान खरेदी आणि तपासणीनंतर खात्यावर येतं, म्हणून आधी पूर्ण रकमेची सोय लागते, हे बँकेत बोलताना लक्षात ठेव. आणि कोणी कितीही म्हणालं की "ताई, आत्ता बुक करा, ऑफर संपतेय", तरी पूर्वसंमतीचं पत्र हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नकोस. आधी खरेदी आणि मग अर्ज केला तर अनुदान मिळत नाही.