थंड छटेचा हिशेब : काळ्या केसांवर राखाडी तपकिरी आणि फिकट सोनेरी रंग निवडताना

केसांच्या रंगांत राखाडी, धुरकट किंवा मोतिया झाक असलेल्या तपकिरी आणि सोनेरी छटांना ‘थंड’, तर तांबूस, सोनसळी किंवा मधाळ झाक असलेल्या छटांना ‘उबदार’ म्हणण्याचा सलूनमध्ये प्रघात आहे. थंड छटांची निवड बहुतेक वेळा छायाचित्र पाहून केली जाते. परंतु तो रंग चढण्यापूर्वी ते केस किती गडद होते, त्यांवर आधी काय लावले होते आणि तो रंग पुढे किती आठवडे टिकला, हे छायाचित्रातून कळत नाही. काळ्या केसांच्या बाबतीत हे प्रश्न निर्णायक ठरतात, कारण तेथे थंडपणा हा लावलेल्या रंगापेक्षाही, केस उजळताना आतून वर येणारा तांबूसपणा किती आवरता आला यावर अवलंबून असतो. पुढील विवेचनाला प्रस्तुत लेखिकेच्या केसांवर झालेल्या रंगकामाचा आधार आहे; मात्र त्या अनुभवाचा उपयोग त्यामागील कारणे समजून घेऊन इतरांची निवड सोपी व्हावी एवढ्याचसाठी केला आहे.

केसाच्या आत काय घडते

केसाचे बाहेरचे आवरण, म्हणजे क्युटिकल, एकमेकांवर चढलेल्या पारदर्शक खवल्यांचे असते आणि त्याच्या आतल्या गाभ्यात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण विखुरलेले असतात. मेलॅनिनच्या दोन प्रकारांपैकी युमेलॅनिन काळा व तपकिरी रंग देते, तर फिओमेलॅनिन तांबडा व पिवळा. भारतीय केसांत पहिल्याचे प्रमाण फार मोठे असल्याने दुसरे एरवी नजरेस येत नाही. ब्लीचमधील हायड्रोजन पेरॉक्साइड आणि परसल्फेट क्षार या द्रव्यांवर काम करू लागले, की युमेलॅनिन तुलनेने लवकर फुटते आणि फिओमेलॅनिन चिवटपणे टिकून राहते. म्हणून काळा केस उजळताना आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा आणि सर्वांत शेवटी फिकट पिवळा दिसतो. राखाडी तपकिरी हा टप्पा या वाटेवर आपोआप कोठेच लागत नाही. तो आणण्यासाठी वर आलेल्या उबदार रंगावर त्याचा विरोधी रंग द्यावा लागतो : तांबड्यावर हिरवा, नारिंगीवर निळा आणि पिवळ्यावर जांभळा. उजळवलेल्या केसांवर या हेतूने दिल्या जाणाऱ्या हलक्या रंगाला टोनर म्हणतात, आणि ‘ॲश’ नावाच्या छटांत निळसर किंवा हिरवट अंश घातलेला असतो तो याच कारणासाठी.

या तंत्राचा इतिहास युरोपातला आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध लुई जाक तेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये लावला, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने केस उजळवण्याचे प्रात्यक्षिक झाले, आणि १९०७ मध्ये युजेन श्युलर यांनी कृत्रिम केशरंग तयार करून पॅरिसच्या केशरचनाकारांना विकायला सुरुवात केली. ज्या समाजात हे रंग घडले तेथे अनेकांचे केस मुळातच तपकिरी किंवा भुरे असतात आणि त्यांना थंड छटेपर्यंत जायला थोडेच अंतर कापावे लागते. काळ्या केसांना तेच अंतर फार लांबचे पडते, आणि ते कापताना लागणारा नारिंगी टप्पा त्यांना चुकवता येत नाही.

शेड कार्डावरचे आकडे

रंगाच्या खोक्यावर किंवा सलूनमधील शेड कार्डावर ५.१ किंवा ७.३ असे जे आकडे असतात, त्यांतील टिंबाआधीचा आकडा गडदपणाची पायरी दाखवतो. १ म्हणजे काळा, ४ म्हणजे मध्यम तपकिरी, ५ म्हणजे फिकट तपकिरी, ६ पासून ब्लाँड म्हणजे सोनेरी रंगांची गडद बाजू सुरू होते आणि १० म्हणजे अतिशय फिकट ब्लाँड. टिंबानंतरचा आकडा झाक सांगतो. त्यात १ हा बहुधा राखाडी आणि ३ हा सोनेरी असतो, मात्र २, ६ किंवा ७ या आकड्यांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या ट्यूबला लावू नये. महाराष्ट्रातील बहुतेकांचे नैसर्गिक केस १ ते ३ या पायऱ्यांवर असतात. रंगात मिसळल्या जाणाऱ्या पेरॉक्साइडच्या द्रवाला डेव्हलपर म्हणतात आणि त्याची तीव्रता ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात : १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. २० व्हॉल्यूमसह लावलेला कायमस्वरूपी रंग नैसर्गिक केसांना साधारण एक ते दोन पायऱ्याच वर नेतो, ही मर्यादा ध्यानात ठेवली तर बऱ्याच अपेक्षा आपोआप जमिनीवर येतात.

शेड कार्डावरचे गुळगुळीत झुपके बहुधा कृत्रिम धाग्याचे असतात आणि त्या धाग्यात तांबडे-पिवळे रंगद्रव्य मुळीच नसते. म्हणून ६.१ चा झुपका जसा धुरकट दिसतो तसा तो काळ्या केसांवर दिसेल, असे मानायला काहीच आधार नाही.

एका रंगकामाचा तपशील

प्रस्तुत लेखिकेचे केस मूळचे काळे, आणि अनेक वर्षे लोखंडी कढईत चहाच्या पाण्याने भिजवलेली मेंदी लावलेले होते. एका सलूनमध्ये ६.१ हा क्रमांक ३० व्हॉल्यूमसह मुळापासून टोकांपर्यंत एकाच वेळी लावण्यात आला. आधीच्या मेंदीची चौकशी झाली नाही आणि बटेवर चाचणीही घेतली गेली नाही. केस धुऊन वाळवल्यावर खिडकीच्या उजेडात एकाच बटेचे तीन पट्टे स्पष्ट दिसत होते. टाळूलगतचा सुमारे दोन सेंटीमीटरचा भाग विटकरी झाला होता, कारण डोक्याच्या उष्णतेने तेथील रासायनिक क्रिया वेगाने होते; मधला भाग मेंदीमुळे लालसर नारिंगी होता; आणि टोके जवळपास पूर्वीइतकीच गडद राहिली होती. राखाडी झाक कोठेच नव्हती, कारण ट्यूबमधील थोडासा निळा अंश एवढ्या नारिंगीपुढे अपुरा पडला होता.

त्यानंतरच्या दुरुस्तीत सरसकट ब्लीच करून पुन्हा राखाडी रंग देण्यात आला, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. जेथे केस पिवळ्यापर्यंत उजळले होते तेथे निळा आणि पिवळा मिळून हिरवट झाक आली, आणि जेथे ब्लीचमुळे क्युटिकल उघडे पडून केस सच्छिद्र झाले होते तेथे रंग प्रमाणाबाहेर शोषला जाऊन टोके शिसवी काळपट दिसू लागली. ओल्या केसाची बट हलकेच ताणली असता ती रबरासारखी लांबत होती आणि तुटत होती. केसातील केराटिन या प्रथिनाच्या साखळ्यांना बांधून ठेवणारे गंधकाचे बंध ब्लीचमुळे मोडत असल्याने असे होते, आणि एकदा मोडलेला केस कोणत्याही कंडिशनरने पूर्ववत होत नाही. तो वाढून कापला जाईपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती उरते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतात हे लक्षात घेतले, तर खांद्यापर्यंतच्या केसांसाठी ही वाट किती वर्षांची असते याचा अंदाज येतो.

निवड कशी करावी

या अनुभवातून निघणारा पहिला निष्कर्ष असा, की काळ्या केसांवर सौम्य थंड छटा हवी असेल तर केस कमीत कमी उजळवावेत. ४ किंवा ५ पायरीवरचा राखाडी तपकिरी रंग २० व्हॉल्यूमसह, मेंदी किंवा जुना रंग नसलेल्या केसांवर लावला, तर घरात तो जवळजवळ काळाच भासतो आणि उन्हात त्याची धुरकट झाक दिसते. कार्यालयात, वर्गात किंवा लग्नकार्यात तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही आणि मुळे वाढली तरी सीमारेषा ठळक होत नाही. या पायऱ्यांवर वर येणारा रंग तांबडा असल्यामुळे निव्वळ निळसर राखाडीपेक्षा थोडा हिरवट अंश असलेली छटा अधिक उपयोगी पडते, आणि हे मिश्रण जाणकार रंगतज्ज्ञाकडूनच करून घेणे इष्ट.

दुसरा निष्कर्ष ६ ते ८ या मधल्या पायऱ्यांविषयी आहे. काळ्या केसांतून येथे नारिंगी आणि पिवळसर नारिंगी रंग सर्वाधिक जोराने वर येतो, त्यामुळे संपूर्ण डोक्यावर या पायऱ्यांची थंड छटा देणे म्हणजे दर काही आठवड्यांनी टोनरचा खर्च पत्करणे होय. ज्यांना उजळपणा हवाच आहे त्यांनी सगळे केस उजळवण्याऐवजी फॉइलमध्ये गुंडाळून केलेल्या अतिशय बारीक बटांचे हायलाइट्स, किंवा मुळे गडद ठेवून ब्रशने खालच्या लांबीवर रंग ओढण्याची बालयाज ही पद्धत निवडावी. बटांमधले काळे केस आजूबाजूला तसेच राहिल्याने उजळ भाग अधिक थंड भासतो आणि नुकसानही मोजक्याच केसांपुरते मर्यादित राहते.

मोतिया किंवा राखाडी ब्लाँड हा तिसरा आणि सर्वांत महाग पर्याय आहे. जांभळा टोनर केवळ पिवळेपणा आवरू शकतो, नारिंगी नाही. म्हणून टोनरपूर्वी केस केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूइतके फिकट व्हावे लागतात. काळ्या केसांना हा टप्पा एका बैठकीत गाठून देण्याचे आश्वासन देणाऱ्या सलूनपासून दूर राहणे बरे. मध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवून, प्रत्येक वेळी केसाची ताकद तपासून पुढे जाणारा रंगतज्ज्ञच येथे भरवशाचा समजावा.

पांढरे केस मिसळू लागलेल्यांसाठी मात्र थंड छटा खरोखरच सोयीच्या ठरतात. पांढऱ्या केसांत उबदार रंगद्रव्य नसते, त्यामुळे त्यांवर राखाडी रंग एकदम चढतो आणि एकटाच लावला तर निळसर, निस्तेज दिसतो. म्हणून तो त्याच पायरीच्या नैसर्गिक छटेत, म्हणजे कोणतीही खास झाक नसलेल्या रंगात, मिसळून घ्यावा. काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडी तपकिरी बारीक बटा पेरल्या, तर दर तीन आठवड्यांनी डाय करण्याची धावपळ कमी होते, कारण वाढणारी पांढरी मुळे त्या बटांत मिसळून जातात.

चेहऱ्याला काय शोभेल हे मनगटाच्या शिरांचा रंग पाहून ठरवण्याची लोकप्रिय रीत गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर फारशी खात्रीची नाही. त्याऐवजी दिवसाच्या उजेडात एकदा राखाडी आणि एकदा तपकिरी ओढणी गळ्याशी धरून पाहावी. राखाडीने चेहरा थकलेला वाटत असेल, तर चेहऱ्यालगतच्या बटांना नैसर्गिक छटा देऊन थंड रंग मागच्या लांबीवर ठेवता येतो. सलूनच्या पिवळ्या दिव्याखाली पसंत केलेला रंग बाहेर वेगळा दिसतो, म्हणून अंतिम होकार खिडकीपाशीच द्यावा.

आधीच्या चाचण्या आणि नंतरची निगा

रंगतज्ज्ञाला मेंदी, ‘काळी मेंदी’, घरगुती डाय आणि केस सरळ करण्याच्या प्रक्रिया यांची मागील दोन-तीन वर्षांची माहिती न विचारता द्यावी. मेंदीतील लॉसोन हे द्रव्य केराटिनला घट्ट चिकटते आणि ब्लीचने पूर्णपणे निघत नाही, तर काही मिश्र मेंद्यांत धातूंचे क्षार असतात, जे पेरॉक्साइडशी संयोग पावून केस तापवू आणि जाळू शकतात. म्हणून कानामागची एक बट कापून तिच्यावर ठरलेले मिश्रण आधी वापरून पाहावे. ती तापली, फेसाळली किंवा भलत्याच रंगाची झाली, तर काम थांबवावे. कायमस्वरूपी रंगांत व काळ्या मेंदीत आढळणाऱ्या पॅराफेनिलीनडायअमिन या द्रव्याची ॲलर्जी अनेक वर्षांच्या वापरानंतरही अचानक उद्भवू शकते, त्यामुळे प्रत्येक वेळी ४८ तास आधी त्वचेवर चाचणी घेणे आवश्यक आहे; चेहरा किंवा पापण्या सुजल्यास रंग धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. दम्याच्या रुग्णांनी ब्लीच पावडरीतील परसल्फेटपासून विशेष जपावे.

थंड छटा उबदार छटांपेक्षा लवकर विरते, आणि टोनरचा परिणाम साधारण चार ते सहा आठवड्यांत ओसरू लागतो. पिवळेपणासाठी जांभळा आणि नारिंगीसाठी निळा शाम्पू आठवड्यातून एकदा पुरतो. रोज वापरल्यास सच्छिद्र केसांवर त्याचाच रंग बसतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील लोह आणि इतर खनिजे केसांवर साचून तांबूसपणा वाढवतात, आणि लंडनसारख्या जड पाण्याच्या शहरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच अनुभव येतो. तेव्हा शेवटचे पाणी गाळलेले किंवा आरओचे घेणे आणि नळाला फिल्टर बसवणे उपयुक्त ठरते. कोकणातले किंवा गोव्यातले ऊन आणि तलावाचे क्लोरीनयुक्त पाणी यांपासून केस झाकावेत. नारळाच्या तेलाविषयी मात्र शंका बाळगण्याचे कारण नाही : रेले आणि मोहिले यांच्या २००३ मधील अभ्यासात, धुण्यापूर्वी लावलेले हे तेल केसात शिरून प्रथिनांची झीज कमी करते असे आढळले. गडद रंगाची तेले मात्र उजळवलेल्या केसांवर पिवळट झाक आणू शकतात, म्हणून ती टाळावीत.

सलूनमध्ये खुर्चीवर बसण्यापूर्वी तीन गोष्टींचे उत्तर मिळालेले असावे : मूळ केस कोणत्या पायरीवर आहेत, ठरलेल्या पायरीपर्यंत जाताना कोणता उबदार रंग वर येणार आहे, आणि तो आवरण्याचा खर्च व वेळ वर्षभर निभावणार आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर एक पायरी गडद निवडावी. काळ्या केसांवर नीट जमलेला ५.१, आठवड्यागणिक पितळी होत जाणाऱ्या ८.१ पेक्षा अधिक काळ थंड राहतो.