एका आरमारी अधिकाऱ्याची घडण

होरेशियो नेल्सन १७७१ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ब्रिटिश आरमारात दाखल झाला. त्याची आई सुमारे तीन वर्षांपूर्वीच वारली होती. शिडांच्या जहाजांच्या त्या काळात अधिकारी समुद्रावरच घडत. दोर बांधणे, डोलकाठीवर चढून शिडे गुंडाळणे, मध्यान्हीच्या सूर्यावरून अक्षांश काढणे, हाच त्यांचा अभ्यासक्रम. सहा वर्षांच्या समुद्रसेवेवाचून लेफ्टनंटच्या परीक्षेस बसता येत नसे. नेल्सनने आर्क्टिकचा बर्फ पाहिला, मुंबई बंदर पाहिले, हिवतापाने तो मरणाच्या दारी जाऊन आला आणि १७७७ मध्ये उत्तीर्ण झाला.

परंतु एक गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्याला जहाजावर घेणारे कप्तान मॉरिस सकलिंग हे त्याचे सख्खे मामा होते. परीक्षकांतही ते होते. कष्ट मुलाचे खरे, पण दार मामांनी उघडले. असा मामा नसलेली किती गुणी मुले आयुष्यभर खलाशीच राहिली असतील!

आमच्या समाजातील मुलांसाठी दार उघडणारे कोणी नव्हते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. आमची निवासी शाळा त्याच वाटेवर आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्यासाठी उघडलेले दार पुढच्या मुलासाठी उघडे ठेवावे, हीच आमची अपेक्षा.