देव्हारा उतरला, भीती उतरली काय?



आपल्या घरात आता देव्हारा नाही. जेथे खंडोबाचा टाक आणि देवीचा मुखवटा होता, तेथे आज भगवान बुद्धांची मूर्ती आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे. सकाळ-संध्याकाळ त्रिसरण-पंचशील होते. लग्ने बौद्ध पद्धतीने होऊ लागली आहेत. हे सर्व योग्यच झाले. परंतु एखाद्या रात्री लहान मूल तापाने फणफणते. औषध देऊनही ताप लवकर उतरत नाही. मग घरातली म्हातारी हळूच उठते, मुलावरून मीठ-मोहऱ्या उतरवते, चिंधीत सव्वा रुपया बांधते आणि ती चिंधी डब्यामागे लपवून ठेवते. सून पाहते, पण बोलत नाही. मुलाचा बाप पाहतो, तोही बोलत नाही. कारण त्या क्षणी तिघांच्याही मनात एकच शब्द असतो: 'न जाणो!'

न जाणो, खरेच काही असले तर? न जाणो, देवीचा कोप झाला असला तर?

हा 'न जाणो' हाच आजच्या पाठाचा विषय आहे. त्या म्हातारीला नावे ठेवण्यासाठी हा पाठ लिहिलेला नाही. तिच्या मुठीतल्या सव्वा रुपयात नातवावरचे प्रेम आहे. कदाचित तिने आपल्या तरुणपणी एखादे लेकरू हातचे गमावलेले असेल. पण प्रेमाच्या गळ्यात भीतीचा दोर का पडला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

१. सुटणे वेगळे, सोडणे वेगळे

लहानपणचा धर्म माणूस दोन प्रकारे मागे टाकतो. कधी तो आपोआप सुटतो. गाव सुटले, शहरात आलो, जत्रेला जाणे झाले नाही, उपवास राहून गेले, आणि समाजाने दीक्षा घेतली म्हणून आपणही घेतली. यात विचार फारसा नसतो. दुसऱ्या प्रकारात माणूस जुन्या श्रद्धेसमोर उभा राहतो, ती तपासतो, ती खोटी का हे स्वतःला पटवतो आणि मगच ती खाली ठेवतो.

जे नुसते सुटले, ते संकटाच्या रात्री परत येते. जे समजून सोडले, ते परत येत नाही.

बाबासाहेबांनी येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षे गेली. सोडण्याचा निश्चय झाल्यावरही कोठे जायचे, याचा त्यांनी इतका दीर्घ विचार केला. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यात मात्र हा सर्व बदल एका दिवसात झाला. आणि दीक्षेनंतर अवघ्या ५३ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथही त्यांच्या पश्चात १९५७ साली प्रसिद्ध झाला. धडा द्यायला सुरुवात झाली आणि गुरुजी गेले, अशी आपली स्थिती झाली. म्हणून राहिलेला धडा आपल्यालाच गिरवायचा आहे. तुम्ही काल दीक्षा घेतली असो वा तुमच्या आजोबांनी घेतली असो, हा धडा ज्याचा त्यालाच गिरवावा लागतो.

२. रामजींच्या घरातील एक प्रश्न

बाबासाहेबांचे बालपण देवधर्म नसलेल्या घरात गेले असे कोणी समजू नये. त्यांचे वडील सुभेदार रामजी हे कबीरपंथी आणि मोठे भाविक होते. ते मुलांकडून रामायण-महाभारताचे वाचन करवून घेत. बाबासाहेबांनी वडिलांना विचारले की, जे ग्रंथ शूद्र आणि अस्पृश्य यांना हलके लेखतात ते आम्ही का वाचावेत? ही हकीकत त्यांनी आपल्या धम्मग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः नमूद केली आहे. वडिलांचे म्हणणे असे की, द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी साधी माणसे केवढी मोठी झाली ते पाहावे, वाल्मीकीकडे पाहावे, म्हणजे मनातील कमीपणा जाईल. बाबासाहेबांचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण, राम यांपैकी कोणाचेही वर्तन त्यांना पटेना, आणि ते त्यांनी बोलून दाखवले. वडील गप्प राहिले.

त्याच विद्यार्थिदशेत गुरुवर्य कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. त्या पुस्तकाने त्यांच्या मनात जे बीज पडले, त्याचा वृक्ष नागपूरला उभा राहिला.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली, मुलाने प्रश्न विचारला आणि बापाने त्याला मारले नाही. दुसरी, प्रश्नाच्या पाठोपाठ हातात पुस्तक आले. नुसता प्रश्न माणसाला जुन्या घरातून बाहेर काढतो, पण उघड्यावर ठेवतो. नव्या घराची वाट ज्ञान दाखवते.

३. नेरंजरेच्या पाण्यात सोडलेली अग्निसामग्री

दीक्षेनंतर आपल्या वाडवडिलांनी गावोगावी देवांचे टाक, मूर्ती आणि परड्या नदीत व विहिरीत सोडल्या. असाच एक प्रसंग भगवंतांच्या काळी घडला होता. उरुवेल काश्यप, नदी काश्यप आणि गया काश्यप हे तिघे जटाधारी बंधू अग्नीचे उपासक होते. पहिल्याचे पाचशे, दुसऱ्याचे तीनशे आणि तिसऱ्याचे दोनशे शिष्य होते. ते सर्व भगवंतांना शरण आले, तेव्हा त्यांनी आपल्या जटा कापल्या आणि अग्निहोत्राच्या सामग्रीसह नेरंजरा नदीत सोडून दिल्या.

पण गोष्ट एवढ्यावर संपली नाही. त्यानंतर भगवंतांनी त्यांना गयाशीर्ष येथे उपदेश केला. तो कशावर केला? अग्नीवरच! तुम्ही बाहेरच्या अग्नीची सेवा करीत होता. खरा अग्नी तर आत आहे. डोळा, कान, मन हे सर्व लोभ, द्वेष आणि मोह यांनी जळत आहे, असा त्या उपदेशाचा आशय होता. ज्या गोष्टीची त्यांनी आयुष्यभर पूजा केली, तिच्याकडेच त्यांना नव्या डोळ्यांनी पाहायला लावले.

पुढे राजगृहात राजा बिंबिसार आणि हजारो नागरिक यांच्यासमोर भगवंतांनी उरुवेल काश्यपांना विचारले की, तुम्ही अग्नीची उपासना का सोडली? तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितले की, यज्ञातून रूप, रस आणि कामसुख यांचेच आश्वासन मिळते. हा मळ आहे हे कळले आणि माझे मन त्यात रमेना.

म्हणजे सोडण्याच्या तीन पायऱ्या झाल्या. वस्तू पाण्यात सोडणे ही पहिली. ती का सोडली हे समजणे ही दुसरी. आणि विचारल्यास चारचौघांत न अडखळता कारण सांगता येणे ही तिसरी. आपण पहिल्या पायरीवर किती वर्षे उभे आहोत, याचा प्रत्येक कुटुंबाने विचार करावा.

४. मरीआई आणि पाणी

आता दुसऱ्या पायरीचा एक धडा प्रत्यक्ष करून पाहू. आपल्या वस्तीवर सर्वांत मोठा धाक मरीआईचा. गावात पटकी आली की मरीआई कोपली असे म्हणत. मग तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत, म्हणजे आपल्या गावचे संकट पुढच्या गावाच्या गळ्यात! भीती माणसाला कसा स्वार्थी करते पाहा.

पटकी कशाने येते? १८८४ साली कलकत्त्यास रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने तिचा जंतू शोधून काढला. तो जंतू घाण पाण्यातून पोटात जातो. आता पुढचा प्रश्न विचारा. घाण पाणी कोणाच्या वाट्याला येत होते? गावच्या विहिरीवर आपल्याला मज्जाव होता. त्या पाण्याच्या हक्कासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. वस्तीत माणसे मरत ती अशा पाण्याने, आणि नवस फेडले जात मरीआईचे. देवीच्या भीतीखाली खरा प्रश्न गाडला गेला.

तसेच देवीच्या रोगाचे. अंगावर फोड आले की घरात देवी आली असे समजून हात जोडत. १७९६ साली जेन्नर यांनी लस शोधली. लस घरोघर पोचवण्याची मोहीम झाली आणि भारतातील या रोगाचा अखेरचा रुग्ण १९७५ साली आढळला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. देवी कोणाच्या नवसाने गेली नाही. कारण नाहीसे केले, कार्य नाहीसे झाले. भगवंतांनी सांगितलेला कार्यकारणाचा नियम, प्रतीत्यसमुत्पाद, तो हाच. तो केवळ भिक्खूंनी पाठ करण्याचा विषय नव्हे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईच्या उपयोगाचा आहे.

५. रिकामी जागा कशाने भरावी?

काही घरांत जुने गेले, पण नवे आले नाही. तेथे मन रिकामे राहते, आणि रिकाम्या जागेत कोणीही येऊन बसतो. आज एखादा बाबा, उद्या एखादी माता. म्हणून सिगालाची कथा लक्षात ठेवा.

राजगृहातील सिगाल नावाचा तरुण रोज पहाटे ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असे. का, म्हणून भगवंतांनी विचारले. तो म्हणाला की, मरताना वडिलांनी तसे सांगितले होते. भगवंतांनी त्याची चेष्टा केली नाही, त्याच्या वडिलांना मूर्ख म्हटले नाही. त्यांनी सहा दिशांचा खरा अर्थ सांगितला: पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र व आप्त, खालची दिशा म्हणजे नोकर व कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यांच्याशी योग्य वागणे हीच दिशांची पूजा. नमस्कारातील आदर राहिला, अज्ञान गेले.

बावीस प्रतिज्ञांचाही क्रम असाच पाहा. सुरुवातीस अमुक देव मानणार नाही, श्राद्ध करणार नाही, असे नकार आहेत. पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. पुढे समतेची, अष्टांगिक मार्गाची, दहा पारमितांची आणि प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे. नकाराने जमीन नांगरली जाते; पेरणी पुढे करावी लागते. नकार पाठ आणि पुढचे विसरलो, तर शेत नुसते नांगरलेले राहील आणि त्यात तणच माजेल.

६. घरात काय करावे?

पहिले, वडीलधाऱ्यांचा अपमान करू नका. उपाली गृहपती निगंठांचा अनुयायी होता. तो भगवंतांना शरण आला, तेव्हा भगवंतांनी त्याला नीट विचार करण्यास सांगितले, आणि निगंठांना घरातून मिळणारे दान बंद करू नये असेही सांगितले. आजीची चिंधी हिसकावून फेकू नका. आधी मुलाला डॉक्टरांकडे न्या. मूल बरे झाल्यावर आजीजवळ बसा, तिची भीती तिच्या तोंडून ऐका, मग पटकी आणि पाण्याची हकीकत सांगा.

दुसरे, ज्याची भीती वाटते त्याचे नाव काढा. 'न जाणो' मनात ठेवू नका. घरात मोठ्याने बोला. जे माहीत नाही ते विचारून घ्या. शंका येणे हा अपराध नाही. शंका तशीच कुजत ठेवणे वाईट.

तिसरे, भगवंतांच्या मूर्तीला नवस बोलू नका. नुसत्या कर्मकांडाने मुक्ती मिळते या समजुतीला 'सीलब्बतपरामास' म्हणतात, आणि ज्या बंधनांतून साधकाला प्रथम सुटावे लागते त्या तीन बंधनांत ते आहे. मेणबत्ती लावून परीक्षेत पास करा म्हणणारा माणूस देव बदलतो, धर्म बदलत नाही. फुले वाहताना त्या गुणांचे स्मरण करायचे, मागणे मागायचे नाही.

चौथे, मुलाने 'का?' विचारले तर रामजींचे घर आठवा. उत्तर येत नसेल तर तसे कबूल करा आणि रविवारी त्याला घेऊन विहारात जा. जे मूल आपल्या घरात प्रश्न विचारू शकते, त्याच्या हातून हा धम्म नुसता सुटणार नाही. नाहीतर ज्या प्रकारे जुना धर्म आपल्या हातून नकळत सुटला, त्याच प्रकारे आपल्या मुलांच्या हातून बुद्धधम्मही सुटेल. हा धोका लहान नाही.

अभ्यासासाठी प्रश्न (कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी):

१. आपण जुना धर्म का सोडला, हे घरातील प्रत्येकाने चार वाक्यांत सांगावे.
२. आपल्या घरात अजून कोणत्या गोष्टीची भीती आहे? तिचे खरे कारण काय?
३. सहा दिशांपैकी कोणत्या दिशेकडे आपले दुर्लक्ष झाले आहे?
४. बावीस प्रतिज्ञांतील नकार कोणते आणि आचरणाच्या प्रतिज्ञा कोणत्या? वेगवेगळ्या लिहून काढा.

उपासक-उपासिकांनो, देव्हारा भिंतीवरून उतरवायला एक हात पुरतो. मनातील भीती उतरवायला सारे घर लागते. आज रात्री वंदना झाल्यावर दिवा मालवण्याआधी पहिला प्रश्न घरात विचारा, आणि पहिले उत्तर आजीला देऊ द्या.

नमो बुद्धाय! जय भीम!